दौलतच्या गाडीला अर्थ नाय

लालबागच्या तावडे चाळीत लोकांना सायकल ठेवायला जागा नव्हती आणि दौलत साळसकराकडे स्पोर्टकार होती. हसू नका, खरंच होती. लाल, बुटकी, विलायतेत बनलेली, डोक्यावर कापडाचं छप्पर. तीत बसायचं म्हंजे पंगतीला बसल्यासारखं, पार जमिनीला टेकून, आणि उठायचं म्हंजे दोघांनी हात द्यायला लागायचा.

दौलत कोण बडा माणूस नव्हे. बाप मिलमध्ये तागे उचलायचा, आई मिलवाल्यांची खानावळ चालवायची, आणि पोराचं नाव ठेवलं दौलत. आशेवर माणूस जगतो, दुसरं काय! पोरगा मोठा होऊन ड्रायव्हर झाला. दादरच्या पारशी कॉलनीत कैकूशेट म्हणून एक म्हातारा एकटाच राहायचा. त्याच्याकडे दौलत लागला तो शेटने डोळे मिटेपर्यंत तिथेच. शेट तोंडाने फटकळ, मनाने राजा. त्याचं एक बोलणं दौलतने देव्हाऱ्यातल्या टाकासारखं जपलं होतं. शेट म्हणायचा, "दोलत, धक्को मारवो पडे ए मोटर नहीं, हाथलारी छे." म्हंजे जिला ढकलायला लागतं ती मोटार नव्हे, हातगाडी.

शेट गेला तेव्हा फ्लॅट भाच्याला, मोठी गाडी भाच्याला, चांदीची भांडी भाच्याला. आणि दौलतला काय, तर शेटच्या तरुणपणची ही दोन सीटची लाल गाडी. तेव्हा साळसकरांच्या खोलीत दौलत, त्याची बायको शकू, मुलगी जुई, म्हातारी आई आणि गावाहून नोकरीला आलेला भाऊ. आता काढा गाडी आणि जा सगळे चौपाटीला! दोघं गाडीत, बाकीचे मागून पळत.

खरं सांगायचं तर ते दोघं पण कधी गेले नायत. गाडी चाळीच्या पटांगणात पाण्याच्या टाकीबाजूला ताडपत्रीखाली बसली ती बसलीच. दर रविवारी दौलत ताडपत्री काढायचा, फडकं मारायचा, इंजिन चालू करून गाडी गेटपर्यंत न्यायचा आणि रिव्हर्समध्ये परत आणायचा. झाला प्रवास. जन्मभर दुसऱ्याच्या गाडीतून महाबळेश्वर, लोणावळा, सुरत करून आलेला माणूस, स्वतःच्या गाडीतून फक्त गेट बघून यायचा.

शकू एकदा म्हणाली, "अहो, मी बसू का बाजूला? गेटपर्यंत तरी?"

तर म्हणतो कसा, "सीटवर प्लास्टिक आहे. घाम लागेल."

"कुणाला? मला की सीटला?"

"सीटला."

त्या दिवसापासून शकूने गाडीचं नाव ठेवलं सवत. "सवतीची आंघोळ झाली का? सवतीला ऊन लागतंय बघा, पांघरूण घाला." दौलतला काही वाटायचं नाय. उलट खरंच ऊन लागतंय का ते खिडकीतून बघून यायचा.

आणि लाड तरी किती! गणपतीच्या आधी चाळीचं मंडळ गेटवरची कमान रंगवायचं. कमान रंगवून जो ऑइलपेंट उरायचा तो दौलत मागून आणायचा आणि दसऱ्याला पूजेच्या आधी गाडीला लावायचा. बाहेरून लाल ते लालच, पण बॉनेटच्या आत ज्या वर्षी कमानीचा जो रंग तो रंग. आणि नुसता वरवर नाय हां. एकेक नट खोलायचा, पट्टी सोडवायची, खालून रंग, वरून रंग, वाळला की परत आवळायचा. "गंज लागता कामा नये," म्हणायचा. शकू डबा धरून उभी. मग हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. जुईच्या बारशाला एवढी तयारी नव्हती.

लाडाने पोरं बिघडतात हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. गाड्या पण बिघडतात हे काही कुणाला ठाऊक नव्हतं.

मागच्या वर्षापासून गाडी चाळे करायला लागली. ब्रेक दाबला की डावा सिग्नल मिणमिणायचा. पुढचे दिवे लावले की हॉर्न आजारी माणसासारखा कण्हायचा. दौलत म्हणाला, थंडीने होतं. उन्हाळ्यात म्हणाला, उष्म्याने होतं. आणि एका रविवारी चावी फिरवली तर आतून नुसतं 'टक' झालं. परत फिरवली, परत 'टक'. म्हातारीने दाराआडून जीभ वाजवावी तसं.

नेमकी तेव्हाच चाळ टॉवरला गेली. सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या, टॉवर उभा राहीपर्यंत बाहेर भाड्याने राहायचं. कमिटीचा सेक्रेटरी राजेश. हा राजेश म्हंजे ज्याने कर्जावर उंच काळी गाडी घेतली आणि रोज गेटमध्ये आडवी लावून मग दुसऱ्यांना शिस्त शिकवायची. मीटिंगमध्ये म्हणाला, "पटांगणातलं सगळं भंगारवाल्याला ठरवून दिलंय. जुन्या टाक्या, पत्रे, मोडक्या सायकली. आणि दौलतकाका, तुमचा तो डबा."

सगळे हसले. दौलत उठून उभा राहिला. शकूने मागून शर्ट धरला, पण दौलतचा शर्ट धरून कधी दौलत थांबलाय?

"डबा कुणाला म्हणतोस रे? माझी गाडी स्वतःच्या चाकांनी गेटबाहेर जाईल. ढकलून काढायची पाळी आली तर तिथल्या तिथे दे भंगारवाल्याला. मी हूं का चूं करणार नाय."

"बोललात हां काका. सगळ्यांनी ऐकलं."

"ऐक की. कान कशाला दिलेत!"

आता शकूचा भाऊ शिवडीला गोदामावर वॉचमन. त्याने शेडमध्ये गाडीला कोपरा द्यायचं कबूल केलं होतं. गुपचूप टेम्पोत घालून नेली असती तर कुणी विचारलं नसतं. पण नाय! अख्ख्या चाळीसमोर शब्द टाकून बसला. घरी येताना शकू एवढंच म्हणाली, "गाडीचा स्टार्टर गेलाय ना, तो तुमच्या जिभेला बसवलाय वाटतं."

मग सुरू झाली दुरुस्ती. पहिला मान जावयाचा. स्वप्नील कम्प्युटरवाला. "बाबा, टेन्शन घेऊ नका, सगळं नेटवर आहे," म्हणत आला आणि फोन बॉनेटवर उभा केला. फोनमध्ये एक गोरा माणूस, त्याच्याकडे अशीच गाडी. त्याच्या गाडीखालची लादी आरशासारखी, इकडे गाडीखाली कोंबडी अंड्यावर बसलेली. गोरा म्हणाला फ्यूज बदला, बदलले. म्हणाला ती वायर काढा, काढली. ही लावा, लावली. दुपार गेली. शेवटी स्वप्नील घाम पुसत म्हणाला, "बाबा, आता डावा सिग्नल द्या."

दौलतने दिला. वायपर हलले.

"म्हंजे डावीकडे वळायचं तर पाऊस पडायची वाट बघायची का?"

"बाबा, प्रोग्रेस आहे. सकाळी वायपर मेलेले होते."

जावई म्हणून दौलत गप्प बसला. शकूने स्वप्नीलरावांना थालीपीठ वाढलं आणि फोन आपल्याजवळ ठेवून घेतला, परत बॉनेटवर जाऊ नये म्हणून.

मग आणला प्रफुल्लला. परळ नाक्याच्या पुढे त्याचं दुकान, वर बोर्ड, 'देशी विदेशी सर्व गाड्यांचे इलेक्ट्रिक काम'. विदेशी गाडी त्याने पाहिली असेल तर रस्त्याच्या पलीकडून. पण ऐट अशी, की जणू विलायतेचे लोक अडलं की ह्यालाच विचारतात. त्याची एक खोड होती. गालात तंबाखूची गोळी कायम. त्यामुळे शब्द अर्धाच बाहेर यायचा, अर्धा गोळीपाशी अडायचा. बॅटरीला म्हणायचा 'बॅट'. डायनामोला 'डाय'. गिऱ्हाइकाने आपल्या अकलेने पुढचं जोडायचं.

आला, बघितलं न बघितलं केलं आणि म्हणाला, "बॅट गेली."

नवी बॅटरी आणली. 'टक'.

"डाय गेला."

डायनामो खोलून नेला, साफ करून आणला, बसवला. 'टक'.

"विदेशी माल," प्रफुल्ल म्हणाला. "नाजूक असतो."

"तुझ्या बोर्डावर विदेशी लिहिलंय ना?" दौलतने विचारलं.

"म्हणून तर ओळखलं नाजूक आहे ते."

मग त्याने खिशातून टेस्टर काढला. टेस्टर म्हंजे काय, एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी. इकडे टेकव, तिकडे टेकव, मान हलव. म्हणाला, "मारा चावी. मारत राहा." दौलतने उजव्या हाताने चावी फिरवली, डावा हात सवयीने चोकच्या खुंटीवर. टक. टक. टक. आणि एकदम, "आई गो!" खुंटी तव्यासारखी तापलेली. चोकच्या तारेतून धूर निघत होता.

प्रफुल्लचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. दौलत बोटं तोंडात घालून नाचतोय आणि हा हसतोय. म्हणाला, "च्यायला, आत्ता कळलं! काका, गाडीला अर्थ नाय."

दौलतने बोटं तोंडातून काढली. "काय म्हणालास?"

"अर्थ नाय हिला. आधी कधी असेल, आता पार गेलाय. कितीपण करंट द्या, फुकट."

"अर्थ नाय?"

"अजिबात नाय. म्हणून तर हात भाजला तुमचा. अशीच ओढत राहाल तर एक दिवस पेटेल."

गॅलरीत माणसं जमली होती. वरून कुणीतरी खुसकन हसलं. दौलत रागावला की मुंबई सोडून थेट मालवणात जायचा. "माझ्या गाडयेक अर्थ नाय? रे मेल्या, तुका तरी अर्थ हा काय? चल, नीघ हयसून!"

"अहो काका, मी गाडीचं बोलतोय..."

"गाडीचाच बोलतंस मा? मगे तर नीघच!"

प्रफुल्ल पळाला तो टेस्टर बॉनेटला लटकत ठेवून.

पुढचे दिवस कसे गेले ते दौलतलाच ठाऊक. चाळ म्हंजे काय, एका खोलीत फोडणी दिली की शेवटच्या खोलीत ठसका लागतो. जो भेटेल तो विचारी, "काका, लागला का अर्थ?" राजेश तर गेटवर काळी गाडी पुसत म्हणाला, "काका, जीवनालाच अर्थ नाय, गाडीचं काय घेऊन बसलात! भंगारवाला सोमवारी येतोय."

एरवी दौलतने त्याला उलटा टांगला असता. पण ह्या वेळी तो गप्प घरी आला आणि खिडकीत बसला. खाली ताडपत्री दिसत होती. त्याच्या मनात तो शब्द सुपारीसारखा अडकला होता, गिळता येईना, थुंकता येईना. खरंच, काय अर्थ? उभा जन्म शेटला इकडून तिकडे नेलं. स्वतःची गाडी मिळाली तर ती गेटपर्यंत. आई गेली, तिला कधी बसवलं नाय. जुई सासरी गेली ती टॅक्सीने. आणि आपण काय केलं, तर गाडीला रंग लावला.

शकू जमिनीवर बसून कोलंबी सोलत होती. दौलत खिडकीतूनच म्हणाला, "शकू, भंगारवाल्याला सांग ने म्हणून. तो प्रफुल्ल काय चुकीचं नाय बोलला."

शकूचा हात थांबला. इतकी वर्षं ती सवतीच्या नावाने बोटं मोडत होती. एखादीने नारळ फोडला असता. पण ही उठली, हात धुतले, पदर खोचला.

"काय नाय चुकीचं? सवत माझी आहे. तिला नावं ठेवायची तर मी ठेवीन. परळ नाक्याचा मेला कोण लागून गेला?"

"अगो, खय चललंस?"

"त्याचा टेस्टर द्यायला."

शकू प्रफुल्लला घेऊन आली ती अशी, की तो पुढे आणि ही मागे, जसं शाळेत न जाणाऱ्या पोराला नेतात. दौलतने वरून बघितलं आणि घाईघाईने जिना उतरून गाडीत जाऊन बसला, छप्पर लावून, काचा वर करून. भांडण तर ऐकायचं होतं, पण तोंड दाखवायचं नव्हतं.

"बोल आता," शकू म्हणाली. "माझ्या तोंडावर बोल. ह्यांच्या गाडीला काय नाय?"

"अर्थ नाय, मावशी."

"परत तेच!"

"मग दुसरं काय बोलू? तेव्हा नव्हता, आता कुठून येईल?"

"माणसाने पोटच्या पोरासारखी जपलेली गाडी, आणि तू खुशाल..."

"जपून अर्थ येतो काय मावशी? अर्थ जोडायला लागतो. एक वायर घ्यायची, बॉडीला मारायची, झाला अर्थ."

शकू थांबली. "वायरने जोडायचा?"

"मग काय फेविकॉलने? हे बघा, तुमच्या घरी फ्रिज आहे?"

"आहे."

"हात लावला की झटका देतो?"

"देतो मेला. चप्पल घालून उघडायला लागतो. वायरमन म्हणाला, अर्थिंग नाय म्हणून."

"अहो मग मी वेगळं काय बोलतोय? अर्थ!"

शकूने कपाळावर हात मारला. "अरे मुडद्या! अर्थिंग म्हण ना, अर्थिंग! ते 'इंग' कुठे गिळलंस?"

प्रफुल्लने जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर गोळी काढून टाकली आणि शाळेत कविता म्हणावी तसं स्वच्छ म्हणाला, "अर्थिंग."

"तुझ्या एका 'इंग'पायी माझा नवरा चार दिवस जेवला नाय."

गाडीच्या आतून आवाज आला, "जेवलो होतो. थोडं."

सगळी चाळ हसली. काच खाली झाली आणि दौलतचं तोंड बाहेर आलं. रागाचं म्हणावं तर रागाचं नाय, हसरं म्हणावं तर तसंही नाय. "म्हंजे प्रफुल्ल, तू गाडीबद्दल वाईट नव्हतास बोलत?"

"मी गाडीबद्दल कशाला वाईट बोलू? माझं दुकान गाड्यांवर चालतं."

मग त्याने नीट समजावलं. गोळी नसली की माणूस बरा बोलायचा. बॅटरीतून निघालेला करंट काम करून परत बॅटरीत यायला पायजे, आणि तो परत येतो गाडीच्या लोखंडातून. ती परतीची वाट म्हंजे अर्थिंग. वाट बंद झाली की करंट घरी जायला मिळेल त्या गल्लीत शिरतो. ब्रेकचा सिग्नलमध्ये, दिव्याचा हॉर्नमध्ये. आणि स्टार्टरचा एवढा मोठा करंट चोकच्या त्या बारक्या तारेतून जायला बघतो, म्हणून ती तापते.

"म्हंजे गणपती बघायला आलेल्या गर्दीसारखं," शकू म्हणाली. "मोठा रस्ता बंद केला की सगळे आपल्या जिन्यातून जातात."

"तसंच."

प्रफुल्लने एक जाड वायर घेतली, एक टोक बॅटरीला, एक टोक थेट इंजिनच्या लोखंडाला दाबून धरलं. "मारा चावी, काका."

दौलतने डोळे मिटून फिरवली. खर्र... खर्रर्र... आणि इंजिन पेटलं. कोंबडी अंडी सोडून टाकीवर जाऊन बसली.

पण अशी वायर हाताने धरून शिवडीपर्यंत कोण जाणार? प्रफुल्ल तर बॉनेटवर बसून जायला तयार नव्हता. त्याने इंजिनपासून चासीला, म्हंजे गाडीच्या सांगाड्याला, जाणारी जुनी पट्टी काढली, नवी आणून त्याच नटाला आवळली. चावी मारली. 'टक'.

"नवी पट्टी, तरी अर्थिंग नाय?" प्रफुल्ल डोकं खाजवायला लागला. हात नकळत खिशातल्या पुडीकडे गेला. शकूने नुसतं बघितलं. हात परत आला.

"त्या नटाखाली रंग आहे," शकू म्हणाली.

"नटावर, मावशी. दिसतोय मला."

"खाली. वर पण, मध्ये पण, पट्टीच्या पाठी पण. दसऱ्याला हे खोलून रंगवतात. डबा मी धरते."

प्रफुल्लने हळूहळू मान वळवून दौलतकडे बघितलं. "काका, तुम्ही अर्थिंगचा नट खोलून खालून ऑइलपेंट लावला?"

"गंज लागू नये म्हणून."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"गंज नाय लागला काका. करंटपण नाय लागला. तुम्ही गाडी सोवळ्यात बसवलीत. लोखंडाने लोखंडाला शिवायचंच नाय!"

बाकीच्यांच्या गाड्या दुर्लक्ष करून बिघडतात, दौलतची लक्ष देऊन बिघडली.

प्रफुल्लने पॉलिशपेपर काढला तर दौलतने त्याच्या हातातून घेतला. "मी खरवडतो." आणि बसला वाकून. वरचा रंग पिवळा निघाला. "हा गेल्या खेपेचा, जेजुरीचा देखावा केला होता." त्याखाली हिरवा. "ह्या वर्षी मंडळाने जंगल केलं होतं, कापडी वाघ होता, त्याची शेपटी पोरांनी तोडली." मग निळा, समुद्रमंथनाचा. मग गुलाबी. "हा कसला गो शकू?" शकूने वाकून बघितलं. "तुमची आई होती तेव्हाचा. कमळातली लक्ष्मी. आई खुर्ची टाकून बघत बसायच्या." दौलतने तो गुलाबी जरा हळूच खरवडला. एकेक दसरा भुकटी होऊन खाली पडत होता, आणि सगळ्यात खाली नखाएवढं उघडं लोखंड चमकलं, शेटने दिलं होतं तसंच.

दिव्यांच्या, हॉर्नच्या, सगळ्याच अर्थिंगच्या जागा त्याने तशाच खरवडल्या. पट्टी आवळली. शकूने सवयीने कुंकवाचं बोट पुढे केलं तर प्रफुल्ल ओरडला, "मावशी, नटावर नको! तुमच्या पाया पडतो, बॉनेटवर लावा!"

सोमवारी भंगारवाला दोर घेऊन गेटपाशी उभा. राजेश काळ्या गाडीत, पुढे लाल गाडी म्हणून अडकलेला, हॉर्नवर हात. गॅलरीत सामान बांधायचं सोडून माणसं. दौलतने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, शेटकडे असताना घालायचा तसला. तो गाडीत बसला नाय. आधी दुसऱ्या बाजूला गेला, सीटवरचं प्लास्टिक धरलं आणि टर्रकन ओढून काढलं. मग दार उघडून उभा राहिला, शेटसाठी उभा राहायचा तसा.

शकू म्हणाली, "घाम लागेल."

"लागू दे. बस."

दोघांनी हात देऊन शकूला आत बसवली. चावी फिरली, इंजिन पेटलं, आणि दौलतची गाडी स्वतःच्या चाकांनी कमानीखालून गेटबाहेर पडली. टाळ्या काय, शिट्ट्या काय! डावीकडे वळताना डावाच सिग्नल लागला. स्वप्नील मागून सगळ्यांना सांगत होता, "मी म्हणालो होतो ना, प्रोग्रेस आहे."

भारतमाता टॉकीजच्या सिग्नलच्या अलीकडे गाडीने एक आचका दिला, दुसरा दिला आणि गप्प झाली.

चाळीच्या गेटपासून प्रफुल्ल आणि स्वप्नील पळत आले. प्रफुल्लने बॉनेट उघडलं. बॅटरी ठीक, डायनामो ठीक, पट्टी घट्ट. "अर्थिंग आहे काका! फर्स्टक्लास आहे!" मागे काळ्या गाडीचा हॉर्न चालू. त्याच्या मागे भंगारवाला दोर घेऊन चालत आलेला, बिचारा आशेने.

शकूने आतूनच विचारलं, "पेट्रोल कुणी घातलं होतं?"

प्रफुल्लने दौलतकडे बघितलं, दौलतने स्वप्नीलकडे. स्वप्नील म्हणाला, "मी ट्रायलला माझ्या बाइकमधलं काढून घातलं होतं. पाण्याच्या बाटलीने. नंतर मला वाटलं बाबांनी..."

घ्या! एवढे विद्वान करंट शोधत बसले, पेट्रोलची आठवण कुणाला नाय.

राजेश खाली उतरला. दात सगळे बाहेर. "काका, शब्द आठवतो ना? ढकलायची पाळी आली तर..."

दौलतचा चेहरा पडला. शब्द तर दिला होता. आणि शेटचं बोलणं कानात. त्याने चावी काढली, हातात धरून उभा राहिला. द्यायचीच पाळी होती.

"गेटमध्ये," शकू आतून म्हणाली.

"काय काकी?"

"शब्द गेटबाहेर निघायचा होता. गेट बघ कुठे राहिलं मागे. सगळ्यांनी ऐकलं होतं म्हणालास ना? मग पूर्ण ऐकायचं. आता चल, हात लाव. तुझीच गाडी अडकलीय."

मागे बसवाला ओरडायला लागला होता. राजेश करतो काय! एका बाजूने तो, एका बाजूने प्रफुल्ल, मधे स्वप्नील, आणि भंगारवाल्याने पण दोर खांद्यावर टाकून हात लावला. दौलत उघड्या दारातून स्टेअरिंग धरून बाजूने चालत होता, पंपाच्या दिशेने.

"शकू, तू तरी उतर. वजन कमी होईल."

"मी नाय उतरायची. आज बसलेय."

थोडं पुढे गेल्यावर दौलत हळूच म्हणाला, "शेट असता तर म्हणाला असता, हातगाडी झाली."

"होऊ दे हातगाडी. हातगाडीवाला निदान बायकोला बसवतो तरी."

दौलत हसला. कधी नाय तो मोकळा हसला, आणि त्यामुळे स्टेअरिंग थोडं वाकडं गेलं, एक टॅक्सीवाला शिव्या देऊन गेला. मधे रस्त्यात एक माणूस मोबाइल बघत उभा होता. शकूने पदर सावरला, हात लांब केला आणि हॉर्न दाबला.

हॉर्नच वाजला. वायपर हलले नायत.